सीडी बर्नरशिवाय लिनक्स इन्स्टॉल करणे

संगणकाला सीडी किंवा डीव्हीडी लिहिणारा ड्राइव्ह नसताना, किंवा असलेला बिघडलेला असताना, लिनक्स ही संगणकप्रणाली टाकण्याच्या निरनिराळ्या पद्धती. लिनक्सची वितरणे, म्हणजे वापरायला तयार असे तिचे निरनिराळे संच, बहुधा आयएसओ फाइलच्या रूपात मिळतात. ही फाइल म्हणजे सीडीची हुबेहूब प्रत, म्हणून ती सीडीवरच लिहायला हवी असा समज बरीच वर्षे टिकून होता. वास्तविक सीडीचे काम थोडेच असते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि ‘इनिटआरडी’ ही त्याच्यासोबतची तात्पुरती फाइलप्रणाली, या दोन गोष्टी मेमरीत पोचल्या की इन्स्टॉलर सुरू होतो आणि बाकीची पॅकेजे तो स्वतः शोधतो. या दोन फाइली मेमरीपर्यंत कुठून आणि कोणी न्यायच्या, एवढाच काय तो पद्धतींमधला फरक.

पूर्वपीठिका : १९९३ मध्ये आलेले स्लॅकवेअर हे वितरण लोक १.४४ एमबीच्या फ्लॉपींवरून टाकत. संच मोठा असे, आणि मधलीच एखादी फ्लॉपी वाचली गेली नाही की काम अडे. त्याच काळात लोडलिन हा छोटा प्रोग्राम डॉसमधून थेट लिनक्सचा कर्नल सुरू करून देई. म्हणजे हार्डडिस्कवरून लिनक्स टाकण्याची युक्ती सीडीच्या जमान्याआधीपासूनची आहे. भारतात पुढे मासिकांसोबत येणाऱ्या सीडींनी मोठे काम केले. ‘पीसीक्वेस्ट’ आणि ‘लिनक्स फॉर यू’ ही त्यांतली ठळक नावे. कॅनॉनिकल कंपनी शिपइट योजनेखाली २०११ पर्यंत उबुंटू या आपल्या वितरणाच्या सीडी टपालाने फुकट पाठवत असे. भारत सरकारच्या २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडचा किमान वेग २५६ केबीपीएस धरला होता. त्या वेगाने ७०० एमबीची आयएसओ उतरायला सहा तास लागत, तेही मध्ये वीज गेली नाही तर. २००७ मध्ये असुसचा ईई पीसी सीडी ड्राइव्हशिवायच बाजारात आला आणि बर्नर नसणे ही काही मोजक्यांचीच अडचण राहिली नाही. २०१२ च्या उबुंटू १२.१० ची आयएसओ तर सीडीवर मावेनाशी झाली.

पेनड्राइव्ह : आज सर्वांत रुळलेली वाट. आयएसओ पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, आणि नवखे नेमके इथेच अडकतात. यूनेटबूटिन, रूफस यांसारखे प्रोग्राम आयएसओतला मजकूर पेनड्राइव्हवर उतरवून त्याला बूट होण्याजोगा, म्हणजे त्यावरून संगणक सुरू होईल असा, करतात. २००८ मध्ये सिसलिनक्स प्रकल्पाने आयसोहायब्रिड ही सोय दिली. तिने तयार केलेली आयएसओ सीडीलाही चालते आणि पेनड्राइव्हवर जशीच्या तशी लिहिता येते. लिनक्समध्ये त्यासाठी डीडी ही आज्ञा पुरते. मात्र डीडी काही विचारत नाही. पेनड्राइव्हच्या जागी हार्डडिस्कचे नाव पडले तर तिच्यावरचा मजकूर बिनबोभाट पुसला जातो. असा पेनड्राइव्ह नंतर विंडोजला लावला की कधी कधी तो जेमतेम काही एमबीचा दिसतो. तो खराब झालेला नसतो. विंडोजमधल्या डिस्कपार्ट या आज्ञेने साफ करून पुन्हा फॉरमॅट केला की पूर्ववत होतो. २०२० मध्ये आलेल्या व्हेंटॉयमुळे हा खटाटोपही कमी झाला: पेनड्राइव्ह एकदा तयार केला की त्यावर आयएसओ फाइली खरोखरच नुसत्या कॉपी करायच्या.

हार्डडिस्कवरून : जुन्या संगणकांचा बायॉस (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम) यूएसबीवरून बूट होत नसे, त्यांच्यासाठी ही पद्धत, आणि सगळ्यांत जास्त डोके हिच्यातच लागते. डेबियन या वितरणात ‘एचडी-मीडिया’ प्रकारचा कर्नल व इनिटआरडी डिस्कवर ठेवून त्यांची नोंद ग्रबमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना प्रणाली चढवणाऱ्या प्रोग्राममध्ये, करतात. आधी फक्त विंडोज असेल तर तिथे ग्रबफॉरडॉस कामी येतो. इन्स्टॉलर सुरू झाला की डिस्कवरची पार्टिशने, म्हणजे तिचे वेगवेगळे पाडलेले भाग, धुंडाळून आयएसओ स्वतःच शोधतो. इथे कर्नल आणि आयएसओ एकाच आवृत्तीचे असावे लागतात, नाहीतर कर्नल मॉड्यूल (कर्नलला लागणारे जोडभाग) सापडत नाहीत अशी तक्रार येऊन गाडी थांबते. ग्रब २ ला लूपबॅकच्या, म्हणजे फाइललाच डिस्क मानण्याच्या सोयीच्या, साहाय्याने आयएसओच्या आतला कर्नल थेट वाचता येतो, त्यामुळे फाइली वेगळ्या काढाव्या लागत नाहीत.

खरी मेख पुढे आहे. ज्या पार्टिशनवर आयएसओ आहे ते इन्स्टॉलर चालू असताना वापरात असते, म्हणून त्याला हात लावता येत नाही. पुष्कळदा त्या डिस्कची पार्टिशन-रचना बदलायलाही नकार मिळतो. अख्खी डिस्क पुसून लिनक्स टाकायचे असेल तर ही पद्धत म्हणूनच गैरसोयीची. डिस्कच्या शेवटी आयएसओपुरते वेगळे पार्टिशन आधीच करून ठेवणे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा उपाय. मेमरी भरपूर असेल आणि वितरणात सोय असेल तर ‘टूरॅम’ पर्यायाने सगळी प्रणाली मेमरीत चढवून डिस्क मोकळी करता येते.

वुबी : विंडोजमधून नेहमीच्या प्रोग्रामसारखा चालणारा उबुंटूचा इन्स्टॉलर. २००८ च्या ८.०४ आवृत्तीपासून तो उबुंटूच्या सीडीवरही असे. नवे पार्टिशन न करता तो विंडोजच्याच पार्टिशनवर ‘रूट.डिस्क’ नावाची एक मोठी फाइल तयार करी आणि सारे उबुंटू तिच्यात राही. नको झाले तर विंडोजच्या प्रोग्रामांच्या यादीतून काढून टाकायचे. पार्टिशनच्या भीतीने लिनक्सपासून दूर राहिलेल्यांना वुबीने आत आणले, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण एका फाइलीत सगळा संसार असल्याने अचानक वीज जाणे त्याला मानवत नसे, आणि हायबरनेशनही, म्हणजे चालू काम डिस्कवर जपून संगणक बंद करणेही, चालत नसे. १३.०४ पासून उबुंटूने त्याला रजा दिली.

नेटवर्कवरून : इंटेलने पुढे आणलेल्या पीएक्सई या मानकानुसार संगणकाचे नेटवर्क कार्डच बूट करते. डीएचसीपी सर्व्हर पत्ता आणि बूट फाइलचे नाव सांगतो, टीएफटीपी ती फाइल पोचवतो. डीएनएसमास्क हा एकच प्रोग्राम दोन्ही कामे करू शकतो. एका संगणकासाठी एवढी मांडणी म्हणजे नसता व्याप. पण शाळा-कॉलेजांच्या लॅबमध्ये वीस-तीस यंत्रांवर लिनक्स टाकायचे तर याला तोड नाही. राउटर आधीपासून डीएचसीपी देत असेल तर दोघांचा गोंधळ होतो, त्यामुळे एकाला बंद तरी करावे लागते किंवा डीएनएसमास्क प्रॉक्सी म्हणून, म्हणजे पत्ते न वाटता फक्त बूटची माहिती देणारा म्हणून, चालवावा लागतो. वायफायवरून ही पद्धत सहसा चालत नाही, केबल लागतेच.

इतर मार्ग : संगणकावर एक लिनक्स आधीच असेल तर डीबूटस्ट्रॅपने त्यातूनच दुसऱ्या पार्टिशनवर डेबियन उभारता येते. काहीच जमले नाही तर हार्डडिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावायची, तिथे लिनक्स टाकायचे आणि डिस्क परत जागेवर बसवायची. लिनक्स बहुतेक ड्रायव्हर सोबत बाळगते, म्हणून हे बहुधा निभावते. दोन्ही यंत्रांची बूट पद्धत, म्हणजे बायॉस की त्याच्या जागी आलेले यूईएफआय, एकच आहे ना, हे मात्र डिस्क काढण्याआधी पाहावे.