डायनासोर कशाने गेले: उल्का की आपला काळा दगड?

उल्का पडली आणि डायनासोर संपले हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे, त्यामुळे ते परत सांगत बसत नाही. पण त्या भांडणात पुणं ज्यावर उभं आहे तो काळा दगड, म्हणजे दख्खनचा थिजलेला लाव्हा, कायम दुसऱ्या नंबरचा आरोपी राहिलाय, आणि ते कसं झालं हे बघण्यासारखं आहे.

सुरुवातीला लाव्हाला कोणी फार मनावर घेतच नव्हतं, कारण दख्खनचं पठार कोट्यवधी वर्षं हळूहळू साचत गेलं असं मानायचे. 1980 मध्ये इटलीतल्या मातीच्या थरात इरिडियम हा जमिनीवर दुर्मिळ पण उल्कांमध्ये भरपूर असणारा धातू सापडला आणि उल्केची हवा झाली. मग 1986 च्या सुमारास दगडातल्या चुंबकत्वावरून कळलं की बराचसा लाव्हा दहाएक लाख वर्षांतच ओतला गेला, तोही 6.6 कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर संपले त्याच सुमारास. पण 1991 मध्ये मेक्सिकोतला चिक्शुलूबचा खड्डा त्याच उल्केचा असं पक्कं झालं आणि आपला दगड परत मागे पडला.

खरा वाद 2010 चा. 41 शास्त्रज्ञांनी मिळून 'सायन्स' मासिकात एक लेख लिहिला आणि निकालच देऊन टाकला, की उल्काच. आता शास्त्रात असं सह्या गोळा करून ठरत नसतं, पण बातम्यांत तेच गेलं, विषय संपला म्हणून. जमिनीवरच्या प्राण्यांचे जीवाश्म अभ्यासणाऱ्या बऱ्याच जणांनी त्याच मासिकात लगेच हरकत घेतली, की लाव्हा, बदलतं हवामान, मागे हटलेला समुद्र हे सगळं सोडून एकाच कारणावर कसं काय येता? मला विचाराल तर हरकत रास्त होती, पण उल्केचा पुरावाही काही कच्चा नव्हता. आणि नुसत्या लाव्हाने डायनासोर लगेच मेले असंही नाही, कच्छमध्ये अंजारला दोन लाव्हांच्या मधल्या थरात त्यांची हाडं आणि अंड्यांची कवचं मिळालीयेत.

2019 मध्ये 'सायन्स'च्याच एका अंकात दोन गटांचे लेख आले. सह्याद्रीच्या घाटात रस्त्याच्या कडेला दोन काळ्या थरांच्या मध्ये जी विटकरी रंगाची पट्टी दिसते ना, तसल्या थरांतून एका गटाने झिरकॉन या खनिजाचे बारीक कण काढून वय मोजलं, बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या दगडात, ते सहसा मिळत नाहीत म्हणून हा खटाटोप. दुसऱ्याने लाव्हातल्याच स्फटिकांमधला आर्गॉन वायू मोजून वय काढलं. तारखा जवळजवळ जुळल्या, पण उल्का नेमकी कुठल्या थराच्या वेळी पडली यावर फाटलं. पहिला गट म्हणतो एक मोठा लोट उल्केच्या काही दहा हजार वर्षं आधीच सुरू झाला होता, दुसरा म्हणतो तीन चतुर्थांश लाव्हा नंतरचाच.

2020 मध्ये समुद्राच्या गाळावरून आलं, की ज्वालामुखीच्या वायूंनी वाढलेलं तापमान उल्का पडण्याआधीच पुन्हा खाली आलं होतं. उल्केचं पारडं पुन्हा जड. फक्त वायू आणि लाव्हा एकाच वेळी, एकाच प्रमाणात बाहेर पडतात असं नाही, वायू आधीही सुटू शकतो, त्यामुळे कुठला थर किती जाड यावरून वायू कधी किती सुटला हे काढता येत नाही आणि पुढचं संशोधन आता तिथेच चाललंय.