परसातली कोंबडी, परसातली टर्की: पार्श्वभूमी

हौसेनं पक्षी पाळायला घेतले, की पहिल्या आठवड्यातच कोणीतरी बजावतं: कोंबड्या आणि टर्की एका कुंपणात ठेवू नका. का, ते मात्र सांगणाऱ्यालाही बऱ्याचदा ठाऊक नसतं. भांडतात म्हणून नव्हे. कोण वरचढ हे एकदा ठरलं की भांडणं थांबतात. खरं कारण असं, की हे पक्षी दोन वेगळ्या खंडांवर घडले आणि त्यांची गाठ पडून जेमतेम पाचशे वर्षं झाली. परसातले निम्मे नियम या इतिहासातून आलेले आहेत.

कोंबडीचा मूळपुरुष म्हणजे आग्नेय आशियातला लाल रानकोंबडा. २०२० मध्ये ८६३ पक्ष्यांचे जनुकसंच तपासले गेले, तेव्हा आजच्या कोंबडीचं सगळ्यात जवळचं नातं नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमारमधल्या रानकोंबड्यांशी निघालं. पिवळ्या पायांचं जनुक मात्र त्याचं नाही. ते भारतीय द्वीपकल्पातल्या राखी रानकोंबड्याकडून आलं, हे २००८ मध्ये सिद्ध झालं. कोंबडी आठ-दहा हजार वर्षांपूर्वी माणसाळली असं पूर्वी लिहिलं जाई. जुनी हाडं नव्यानं तपासल्यावर २०२२ मध्ये तो आकडा बराच खाली आला. आज खात्रीची सगळ्यात जुनी हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली, इ.स.पू. १६५० ते १२५० या काळातली मानतात. कोरडवाहू भात आणि भरड धान्य पिकू लागलं, सांडलेले दाणे टिपायला रानपक्षी वस्तीजवळ आले आणि तिथेच राहिले. युरोपात पोचल्यावर कित्येक शतकं त्यांना खातही नसत. अख्ख्या पुरलेल्या कोंबड्या उत्खननात सापडतात.

रानातल्या सवयी कोंबडीनं सोडलेल्या नाहीत. रात्री ती उपलब्ध असेल तितक्या उंच जागी चढून बसते. म्हणून खुराड्यातली बसायची दांडी अंडी घालायच्या खोक्यांपेक्षा वर हवी. खोकी उंच झाली तर कोंबड्या त्यांतच झोपतात आणि सकाळी अंडी विष्ठेत लडबडलेली मिळतात. दांडी साधारण पाच सेंटिमीटर रुंद, कडा गोल केलेली, दर पक्ष्याला २० ते २५ सेंटिमीटर जागा. खोकं चार-पाच कोंबड्यांत एक पुरतं. धुळीत लोळणं हीसुद्धा रानातलीच सवय, उवा आणि पिसवा झाडण्यासाठी.

अंड्यांच्या बाबतीत मात्र माणसानं तिला पार बदललं. रानातली मादी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते आणि रवणीला, म्हणजे ती उबवायला, बसते. आजची संकरित तलंग (नुकतीच अंड्यावर आलेली कोंबडी) पहिल्या वर्षी तीनशेच्या घरात जाते. अंडी रोज उचलली की रवण पुरी होत नाही आणि कोंबडी घालत राहते, ही युक्ती फार जुनी. पुढे खुडूक न होणाऱ्या, म्हणजे अंडी थांबवून उबवायला न बसणाऱ्या, माद्याच निवडून वाढवल्या. त्यामुळे लेगहॉर्न ही जात सहसा खुडूक बसत नाही, तर सिल्की जात अंड्याशिवाय रिकाम्या खोक्यातही दोन-दोन आठवडे बसून राहते. उजेडाचं गणितही रानातलंच: दिवस लहान झाला की अंडाशय मंदावतं. दिवा लावून १४ ते १६ तास भरून काढायचे असतील, तर वाढीव उजेड पहाटे द्यावा. संध्याकाळचा दिवा एकदम विझला तर पक्षी दांडीवर चढण्याआधीच अंधारात सापडतात.

कोंबडीशिवाय पिल्लं काढणंही नवं नाही. प्राचीन इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवत. तापमापक नव्हता; अंडं पापणीला टेकवून ऊब ओळखत. आज पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस ठेवतात, कोंबडीला २१ दिवस आणि टर्कीला २८. शेवटचे तीन दिवस अंडी फिरवणं थांबवून दमटपणा ५० टक्क्यांवरून ६५-७० वर नेतात. तो कमी पडला तर आतला पापुद्रा वाळून चिवट होतो आणि पिल्लू कवच टोचूनही बाहेर न पडता मरतं.

टर्कीची कथा मेक्सिकोतली. तिथं ती दोन हजार वर्षांपूर्वीच पाळीव झालेली होती. आजच्या अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात तिथल्या लोकांनी दुसरी एक जात स्वतंत्रपणे माणसाळवली, आणि तीही बराच काळ मांसापेक्षा पिसांसाठी. तिथल्या सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या एका पांघरुणात ११,५०० च्या आसपास पिसं युक्का वनस्पतीच्या दोरीवर गुंडाळलेली आहेत. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी हा पक्षी युरोपात नेला आणि नावांचा घोळ सुरू झाला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवलं, तुर्कांनी ‘हिंदी’ म्हटलं, डच लोकांनी कालिकतवरून ‘काल्कून’, तर पोर्तुगिजांनी पेरू देशाचं नाव दिलं. मराठी माणसाला ते ऐकून फळच आठवणार. १६१२ मध्ये मुघल सरदार मुकर्रब खानानं गोव्याहून आणलेली टर्की जहांगीर बादशहानं पाहिली. तिच्या डोक्या-मानेचे रंग सरड्यासारखे बदलतात, असं त्यानं आठवणींत नोंदवलं आणि दरबारातल्या मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. निरीक्षण अचूक आहे. नर चिडला किंवा माजावर आला, की तिथली कातडी लाल, निळी, पांढरी होते.

आता सुरुवातीच्या नियमाकडे. १८९५ मध्ये थिओबाल्ड स्मिथ यांनी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये टर्कीचे कळप संपवणाऱ्या एका रोगाचं वर्णन केलं. नाव पडलं ‘ब्लॅकहेड’. हे नाव फसवं आहे, कारण डोकं काळं पडेलच असं नाही. पक्षी पंख ढिले सोडून, डोळे मिटून उभा राहतो आणि गंधकासारखी पिवळी विष्ठा टाकतो. आतून अंधनाल (आतड्याचा बंद टोकाचा फाटा) आणि यकृत सडतं. पिल्लांचा अख्खा कळप दोन आठवड्यांत जाऊ शकतो. कारण आहे हिस्टोमोनास हा एकपेशीय परजीवी. उघड्यावर तो फार टिकत नाही. पण कोंबडीच्या अंधनालातल्या बारीक गोल जंताच्या अंड्यात शिरला, की मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतो. ही साखळी १९२० मध्ये उलगडली. गांडुळं ती अंडी गिळून साठवतात आणि टर्की गांडुळं आवडीनं खाते. कोंबडीला मात्र बहुधा काही होत नाही. ती धडधाकट दिसते आणि माती दूषित करत राहते.

म्हणून नुसतं मधे जाळीचं कुंपण घालून भागत नाही. गेल्या तीन-चार वर्षांत जिथं कोंबड्या चरल्या, ती जमीनच टर्कीला देऊ नये. दोन्ही ठेवायचेच असतील तर आधी टर्कीला दाणापाणी घालावं, मग कोंबड्यांकडे जावं, आणि पादत्राणं वेगळी ठेवावीत. कोंबड्यांना वेळच्या वेळी जंताचं औषध द्यावं, म्हणजे वाहकच कमी होतो. रोग उमटल्यावर हाताशी फारसं काही नाही. पूर्वी वापरायची औषधं खाण्याच्या पक्ष्यांसाठी बहुतेक ठिकाणी बंद झाली. अमेरिकेत शेवटचं नायटारसोन २०१५ च्या अखेरीस मागे घेतलं गेलं.

उलट दिशेनं टर्कीनं कोंबडीला एक देणगी दिली. हंगेरीच्या योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये वर्णिलेला लकव्याचा आणि गाठींचा रोग १९६० च्या दशकात कुक्कुटपालनाच्या मुळावर उठला होता. त्यावरची लस टर्कीतल्या एका निरुपद्रवी नागीण-वर्गी (हर्पीस) विषाणूपासून बनली आणि १९७० च्या दशकात सर्वत्र गेली. ती पिल्लू अंड्यातून निघालं की पहिल्याच दिवशी टोचतात. गाठी थांबतात, पण संसर्ग थांबत नाही. टोचलेला पक्षी विषाणू पसरवू शकतो, त्यामुळे न टोचलेली पिल्लं त्यात मिसळणं धोक्याचं.

‘हौस’ म्हणून कोंबडी पाळणं ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. इंग्लंडमध्ये १८३५ मध्ये झुंजी कायद्यानं बंद झाल्या आणि कोंबडे निवडून पैदास करणाऱ्यांचं कसब प्रदर्शनांकडे वळलं. पहिलं मोठं प्रदर्शन १८४५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात भरलं, बॉस्टनचं १८४९ मध्ये. त्याच सुमारास चीनमधून आलेल्या अगडबंब, पायांवर पिसं असलेल्या कोचीन कोंबड्या राणी व्हिक्टोरियाकडे पोचल्या आणि लोक वेडे झाले. ब्रह्मपुत्रेचं नाव लावलेली ब्रह्मा जात खरं तर अमेरिकेत घडली. १८५२ मध्ये नऊ ब्रह्मा राणीला भेट गेल्या, त्या जाहिरातीसाठीच. १८५५ च्या सुमारास भाव कोसळले. मागे राहिल्या त्या जातींच्या प्रमाणपुस्तिका, ब्रिटनमध्ये १८६५ ची आणि अमेरिकेत १८७४ ची. तुऱ्याला किती टोकं, पिसाला कोणती किनार, सगळं त्यात ठरलं. अंडी किती, याला तिथं किंमत नव्हती. पायांवर पिसं असलेली जात चिखलात ठेवली की बोटांत मातीचे गोळे होतात आणि खवल्यांखाली खरजेचे किडे वाढतात. डोक्यावर मोठा पिसांचा झुबका असलेल्या पोलिश कोंबडीला वरून झडपणारा ससाणा दिसत नाही. दिसण्यासाठी केलेल्या निवडीचं हे भाडं अजून भरावं लागतं.

षटकोनी छिद्रांची जाळी १८४४ मध्ये नॉर्विचच्या चार्ल्स बर्नार्ड यांनी बनवली, कापड विणण्याच्या यंत्रावरून कल्पना घेऊन. ती कोंबडी आत ठेवते, शिकारी प्राणी बाहेर ठेवत नाही: कुत्रा ती फाडतो, मुंगूस छिद्रातून शिरतं. खुराड्याला १२ मिलिमीटरची वेल्ड केलेली चौकोनी जाळी लावावी आणि खालची ३० सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला जमिनीत आडवी पसरावी, म्हणजे उकरणारा अडतो.

दोन महायुद्धांत परसातली कोंबडी कर्तव्य बनली. अमेरिकी सरकारनं १९१७-१८ मध्ये घरातल्या माणशी दोन कोंबड्या पाळायला सांगितलं. ब्रिटनमध्ये १९४० नंतर घरच्यांनी अंड्यांचं रेशन सोडून त्याबदली कोंबडीखाद्य घेतलं. तोवर दुसरीकडे कारखाना उभा राहत होता. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरच्या सेसील स्टील यांनी ५० पिल्लं मागवली आणि चुकून ५०० आली. त्यांनी ती मांसासाठी वाढवून विकली, आणि तीन वर्षांत त्यांची जागा दहा हजार पक्ष्यांची झाली. ड जीवनसत्त्वाचा शोध लागल्यानं उन्हाशिवाय बंद खोलीत पक्षी वाढवणं जमू लागलं होतं. टर्कीची छाती निवडून इतकी रुंद केली, की नराला मादीवर चढताच येईना. कृत्रिम रेतनावाचून ती वाढत नाही. अशा टर्कीला दांडी अर्ध्या मीटरपेक्षा उंच नको, उडी मारताना तळवे फुटून सुजतात. जुन्या, स्वतः वीण करणाऱ्या जातींची १९९७ मध्ये अमेरिकेत मोजणी झाली, तेव्हा पैदाशीचे जेमतेम १,३०० पक्षी उरले होते. त्या वाचल्या त्या बऱ्याच अंशी हौशी पाळणाऱ्यांमुळे.

टर्कीची पिल्लं घेताना एक चूक वारंवार होते: त्यांना कोंबडीच्या पिल्लांचं २० टक्के प्रथिनांचं खाद्य देणं. टर्कीच्या पिल्लाला पहिले काही आठवडे २८ टक्के लागतात आणि नायसिन हे ब-गटातलं जीवनसत्त्वही जास्त. ते न मिळाल्यास पाय वाकतात. शिवाय पाणी कुठं आहे हे त्याला उमगत नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकाची चोच पाण्यात बुडवावी आणि भांड्यात चकचकीत गोट्या टाकाव्यात. त्यांवर चोच मारता मारता ते प्यायला शिकतं.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शहरी परसात कोंबड्या परतल्या. २०१२ पासून युरोपीय संघात जुने बिनसोयीचे पिंजरे बंद झाले, २०२० च्या टाळेबंदीत पिल्लांचा तुटवडा पडला. त्यापाठोपाठ, २०२१ पासून, १९९६ मध्ये चीनमधल्या एका हंसात सापडलेल्या बर्ड फ्लूच्या वंशजानं रानपक्ष्यांमधून मोठी मुसंडी मारली. साथीच्या काळात अनेक देशांत पक्षी आत ठेवायची सक्ती होते. तेव्हा पक्षी मोकळे फिरतात त्या कुंपणातल्या जागेवर पक्कं छप्पर घालावं लागतं, बाजूला बारीक जाळी, आणि पाणी रानबदकांच्या डबक्यातलं नको. कोंडलेल्या कोंबड्या कंटाळून एकमेकींची पिसं उपटतात. कोपऱ्यात कोरडी माती, वाळू आणि थोडी लाकडाची राख भरलेली पसरट पेटी ठेवली, की दुपारी सगळ्या त्यात लोळायला जातात.