मोनो की स्टिरिओ? साठच्या दशकातल्या रेकॉर्ड्सवरून चाललेल्या वादाची पार्श्वभूमी

बीटल्सचं ‘शीज लीव्हिंग होम’ हे गाणं १९६७ साली दोन तबकड्यांवर आलं. अल्बम एकच, ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’. कव्हरवरचं चित्रही तेच. फरक एवढाच की एका तबकडीवर मोनो छापलेलं, म्हणजे सगळा आवाज एकाच धारेत, आणि दुसरीवर स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला वेगवेगळा आवाज. पण दोन्ही पाठोपाठ लावून पाहा. मोनोवरचं गाणं सुमारे अर्धा स्वर वर लागतं आणि चालही जरा झपाझप. स्टिरिओवर तेच गाणं खाली उतरतं, जड होतं. घर सोडून जाणाऱ्या मुलीची ही गोष्ट. मोनोत ती पहाटे दार लोटून निघून गेल्यासारखी वाटते, आणि स्टिरिओत मागे राहिलेले आईबापच जास्त ऐकू येतात.

मग खरं गाणं कुठलं? साठच्या दशकातल्या पॉपवर जीव टाकणारी माणसं जगात कुठेही भेटली की तासाभरात या प्रश्नावर येतात. बाहेरच्याला तो रिकामटेकड्यांचा काथ्याकूट वाटतो. मला तसं वाटत नाही. या संगीतावर कुणी, कुठे, किती जीव ओतून हात फिरवला याचा माग याच वादातून लागतो, आणि तो माग काढण्यात चाहत्यांचा वाटा मोठा आहे.

स्टिरिओ ही कल्पना साठच्या दशकातली नव्हेच. ईएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीचे इंजिनिअर अॅलन ब्लमलाइन यांनी तिच्या पेटंटसाठी १९३१ च्या डिसेंबरमध्येच अर्ज केला होता. त्याच साली लंडनच्या अॅबी रोडवर ईएमआयचा स्टुडिओ सुरू झाला आणि १९३४ मध्ये तिथे स्टिरिओत मुद्रणही करून पाहिलं गेलं. पण दुकानात स्टिरिओ एलपी, म्हणजे अख्ख्या अल्बमची मोठी तबकडी, मिळायला १९५७-५८ उजाडलं. तेव्हाही ती चैन होती शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या, घरात दोन स्पीकर मांडू शकणाऱ्या पैसेवाल्या मंडळींची. पॉप ऐकणारी पोरं वेगळी. त्यांच्याकडे झाकणाच्या पेटीतला एका स्पीकरचा रेकॉर्ड प्लेअर असायचा, खिशात ट्रान्झिस्टर, आणि खर्चायला पैसे असायचे ते ४५ फेऱ्यांच्या सात इंची सिंगलपुरते. रेडिओ मोनो, सिंगल मोनो. साहजिकच गाणं बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तो एकच स्पीकर असायचा.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचं उदाहरण घ्या. बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन ती काढली. तिथे तयार झालेलं गाणं गाडीतल्या रेडिओला असतो तसल्या लहान स्पीकरवर वाजवून बघत. तिथे उठून दिसलं तर कुठेही उठून दिसेल, हा हिशोब. त्या गाण्यांतला बास आणि खंजिरी आजही एवढ्या पुढे येऊन भिडतात, त्यामागे हा हिशोब आहे.

हॉलिवूडच्या गोल्ड स्टार स्टुडिओत फिल स्पेक्टर दुसऱ्या टोकाला गेले. लहानशा खोलीत दोन-तीन पियानो, गिटारींची रांग, सगळे एकाच वेळी तेच वाजवतायत, आणि तो सगळा कल्लोळ स्टुडिओच्या इको चेंबरमधून, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या खोलीतून, घोळवून टेपच्या एका ट्रॅकवर, म्हणजे आवाजाच्या एकाच पट्टीवर. याला ‘आवाजाची भिंत’ म्हणत. १९६३ चं ‘बी माय बेबी’ ऐकताना कुठलं वाद्य कुठे आहे हे कळत नाही, आणि कळू नये हीच योजना होती. ही भिंत स्टिरिओत उलगडली की तिच्या विटा दिसतात. १९९१ मध्ये स्पेक्टर यांच्या कामाचा संच निघाला, त्याचं नावच ‘बॅक टू मोनो’.

आता अॅबी रोड. ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात बीटल्सनी पहिल्या एलपीसाठी दहा गाणी मुद्रित केली. यंत्र दोन ट्रॅकचं होतं, पण ते दोन ट्रॅक स्टिरिओसाठी नव्हते. एकावर वाद्यं आणि दुसऱ्यावर गळे वेगळे ठेवले, की निर्माते जॉर्ज मार्टिन यांना मागाहून दोन्हींचा तोल साधून मोनो मिक्स, म्हणजे तबकडीवर जाणारं अखेरचं मिश्रण, करता येई. ते काम झालं आणि मार्चमध्ये मोनो एलपी आली. पुढच्या महिन्यात स्टिरिओ काढायची वेळ आली तेव्हा हाताशी तेच दोन ट्रॅक. मग एका स्पीकरमधून बँड आणि दुसऱ्यातून गाणारे, अशी वाटणी झाली. एक कान झाकून ऐकलंत तर ड्रम-गिटारचं नुसतं कराओके ऐकू येईल. कित्येक चाहत्यांनी पॉल मॅकार्टनीचा बास शिकायला याच अडचणीचा उपयोग करून घेतला, हेही सांगायला हवं.

१९६३ च्या ऑक्टोबरपासून बीटल्स चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रण करू लागले. पण वाद्यांची हौसही तितकीच वाढली. चार ट्रॅक भरले की त्यांचं मिश्रण दुसऱ्या टेपवर एक-दोन ट्रॅकमध्ये दाबायचं आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर नवं वाद्य चढवायचं. एकदा असं दाबलं की ड्रम आणि गिटार कायमचे एकमेकांत मिसळले. साखर विरघळल्यावर ती चहातून वेगळी काढता येत नाही, तसंच. त्यात १९६६ मध्ये स्टुडिओतले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी आवाज आपोआप दुहेरी करण्याची युक्ती काढली, कारण तेच गाणं दुसऱ्यांदा तंतोतंत गायचा जॉन लेननला कंटाळा होता. या युक्तीत टेपचा वेग मिक्स करताना हातानं कमीजास्त करावा लागे. हात आला की फरक आला. मोनोसाठी एकदा आणि स्टिरिओसाठी एकदा असं दोनदा केलं, तर दोन्ही वेळा सारखं कसं होणार?

‘सार्जंट पेपर’च्या वेळी बीटल्स चौघे मोनो मिक्सच्या कामाला बसत, आवाज पसंत पडेपर्यंत फिरवून घेत. स्टिरिओचं बहुतेक काम नंतर मार्टिन आणि इंजिनिअर जेफ एमरिक यांनी थोडक्या दिवसांत उरकलं, आणि त्यात बँडला फारसा रस नव्हता. ‘शीज लीव्हिंग होम’चा वेग मोनोत वाढवला गेला आणि स्टिरिओत तसाच राहिला, तो असा. पण जगानं पुढची चाळीस वर्षं ऐकलं ते मुख्यतः हे स्टिरिओ.

ब्रायन विल्सन यांची गोष्ट मनाला जास्त लागते. बीच बॉइजच्या या संगीतकाराला उजव्या कानानं ऐकू येत नसे. १९६६ चा ‘पेट साउंड्स’ त्यांनी मोनोत रचला. वाद्यवृंद आधी मोनोत दाबून घेतला आणि त्यावर दुसऱ्या टेपवर गळ्यांचे थर चढवले. कॅपिटॉल कंपनीला मात्र स्टिरिओ विकायचा होता. मग मोनो टेपचीच नक्कल करून एका बाजूला वरचे स्वर, दुसऱ्या बाजूला खालचे, मध्ये क्षणभराचं अंतर, असा बनावट स्टिरिओ तयार केला आणि त्याला ‘ड्युओफोनिक’ नाव दिलं. ती रेकॉर्ड ऐकताना आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. कव्हरवरच्या क्रमांकाआधी डी आणि टी ही दोन अक्षरं दिसली की जाणकार ती तबकडी खाली ठेवतात. खरा स्टिरिओ ‘पेट साउंड्स’ व्हायला १९९० चं दशक यावं लागलं. इंजिनिअर मार्क लिनेट यांनी वाद्यांच्या मूळ टेप आणि गळ्यांच्या टेप संगणकाच्या मदतीनं जुळवल्या. तो संच १९९७ मध्ये आला. तो सुंदर आहे, आणि तरीही मी ‘गॉड ओन्ली नोज’ ऐकायला मोनोकडेच जातो. विल्सन यांनी एका कानानं जे जुळवलं, ते त्यात जसंच्या तसं आहे.

या सगळ्यात मुंबईचा एक धागा आहे, आणि तो थेट याच वादात बसतो. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचे गिटारवादक जॉर्ज हॅरिसन ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईला एचएमव्हीच्या स्टुडिओत आले. आशिष खाँ, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारखे वादक जमले. पण मुंबईच्या स्टुडिओत यंत्र होतं ते फक्त मोनो! हॅरिसन यांनी पुढे सांगितलेली आठवण अशी, की ईएमआयच्या भारतातल्या कंपनीचे अधिकारी भास्कर मेनन यांनी त्यांच्यासाठी दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेनं आणवलं. स्टुडिओ कचेऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होता आणि भिंती आवाज अडवणाऱ्या नव्हत्या. साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांचा धडधडाट टेपवर येई, म्हणून मुद्रण थांबवावं लागे. रस्त्यावरच्या टॅक्सीही काही तुकड्यांत सापडतात असं हॅरिसन म्हणत. याच सत्रांत ‘दि इनर लाइट’ची वाद्यसाथ मुद्रित झाली. लंडनला त्यावर गळा चढला आणि मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आलं, बीटल्सच्या सिंगलवरचं हॅरिसन यांचं पहिलं गाणं म्हणून. तेही मोनोत. स्टिरिओ मिक्स १९७० पर्यंत झालंच नव्हतं.

आपल्याकडचा आणखी एक ठेवा म्हणजे कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात छापलेल्या तबकड्या. ब्रिटनमध्ये ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड्स बंद पडल्यावरही इथे बीटल्सची गाणी लाखेच्या ७८ वर निघत होती, कारण घराघरात चावीचे जुने ग्रामोफोन होते. विजेशिवाय, कर्ण्यातून वाजणारे बीटल्स! परदेशातले संग्राहक या तबकड्यांसाठी आज भरमसाट पैसे मोजतात.

१९६८ मध्ये अमेरिकेत कंपन्यांनी मोनो एलपी जवळजवळ बंद केल्या. त्या वर्षीच्या ‘व्हाइट अल्बम’चं ब्रिटनमध्ये स्वतंत्र मोनो मिक्स झालं, बीटल्सच्या एलपींपैकी ते शेवटचं. त्यातलं ‘हेल्टर स्केल्टर’ मोनोत साडेतीन मिनिटांच्या आसपास संपतं. स्टिरिओत ते मिनिटभर जास्त चालतं, आणि शेवटी बोटांना फोड आल्याची ड्रमर रिंगोची आरोळी येते. मोनोवाल्यांना ती आरोळी कधी ऐकूच आली नाही. पुढच्या वर्षी ‘अॅबी रोड’ आला तो फक्त स्टिरिओत. मोनो टेप कपाटात गेल्या आणि मोनो तबकड्या जुन्या बाजारात.

आणि इथून चाहत्यांचं काम सुरू होतं. १९६३ पासून त्यांच्यासाठी ‘द बीटल्स बुक’ मासिक निघत होतं, दर नाताळला फॅन क्लबच्या सभासदांना बीटल्सच्या गप्पांची पातळ लवचिक रेकॉर्ड टपालानं येत होती. बँड फुटला तरी ही सवय सुटली नाही. कुणाला तरी कळलं की आपल्या तबकडीवरची खोकल्याची उबळ मित्राच्या तबकडीवर नाही. मग पत्रं, याद्या, टेपची अदलाबदल. १९८८ मध्ये मार्क लुइसन यांनी अॅबी रोडच्या मूळ टेप आणि नोंदी तपासून बीटल्सच्या मुद्रणांची दिवसवार हकीकत पुस्तकरूपात छापली, आणि वर्षानुवर्षं नुसत्या कानानं पकडलेल्या गोष्टींना तारीख मिळाली.

यातली मला सर्वांत आवडणारी विद्या म्हणजे तबकडी वाचणं. शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा उरतो, तो दिव्याखाली तिरका धरायचा. ईएमआयच्या मोनो एलपीवर लेबलच्या खाली ‘एक्सईएक्स’ ही अक्षरं आणि पुढे आकडा दिसतो. तो मॅट्रिक्स क्रमांक, आणि डॅशनंतरचा आकडा म्हणजे कितवी कापणी, म्हणजे टेपवरचा आवाज मूळ चकतीवर कितव्यांदा कोरला. घड्याळात नऊ असतात तिथे एक बारीक आकडा असतो आणि तीन असतात तिथे एखाददुसरं अक्षर. ते अक्षर सांगतं कितव्या साच्यानं ही तबकडी दाबली. त्यासाठी कंपनीनं ‘ग्रामोफोन लिमिटेड’मधली जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी ही दहा अक्षरं घेतली होती. जी म्हणजे १, आर म्हणजे २, आणि शेवटचं डी म्हणजे शून्य. एकटं जी दिसलं की हात थरथरतो. पहिल्या साच्याची तबकडी!

बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमच्या मोनो एलपीची दुसरी बाजू पाहताना ही विद्या सर्वांत जास्त कामी येते. १९६६ मध्ये छपाईला टेप गेल्यावर ‘टुमॉरो नेव्हर नोज’च्या मिक्सबद्दल मार्टिन यांचं मत बदललं. अकरावं मिक्स काढून आठवं घाला, असं त्यांनी कळवलं. तोवर काही तबकड्या अकराव्यानं छापून झाल्या होत्या. त्या ओळखायची खूण एकच, ‘एक्सईएक्स ६०६-१’. त्यावरचे टेप उलटसुलट फिरवून केलेले आवाज वेगळ्या जागी उसळतात. मुंबईच्या चोरबाजारात असो की लंडनच्या एखाद्या तळघरातल्या दुकानात, बीटल्सवेडा माणूस ‘रिव्हॉल्व्हर’ हाती आली की गाण्यांची यादी वाचत नाही, आधी दुसरी बाजू वर करतो.

कंपन्यांना हे उमगायला वेळ लागला. १९८७ मध्ये सीडी आल्या तेव्हा बीटल्सचे पहिले चार अल्बम मोनोत निघाले, पण ‘सार्जंट पेपर’ स्टिरिओतच. ९ सप्टेंबर २००९ ला अखेर मोनो संच आला, २०१४ मध्ये तोच मूळ टेपवरून कापलेल्या एलपींवर. मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स यांनी २०१७ मध्ये ‘सार्जंट पेपर’ स्टिरिओत नव्यानं मिसळला, तेव्हा त्यांनी आधार घेतला तो मोनोचा. ‘शीज लीव्हिंग होम’चा वेगही मोनोचाच ठेवला.

२०२२ च्या ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या तंत्रज्ञांनी तयार केलेलं सॉफ्टवेअर वापरलं गेलं. एकाच ट्रॅकवर दाबलेले गिटार, बास आणि ड्रम ते सुटे करतं. चहातली साखर वेगळी निघाली. पण मोठ्या संचाची पेटी उघडल्यावर जुनी मंडळी त्या नव्या स्टिरिओकडे वळली नाहीत. त्यांनी सत्रांच्या तबकड्यांची यादी बोट ठेवून वाचत नेली. त्यात एका ओळीवर ‘टुमॉरो नेव्हर नोज’ होतं, मोनो, मिक्स अकरावं.