खुपसली काडी की कळलं नत्र?

‘मातीत खुपसा आणि नत्र-स्फुरद-पालाश मोबाइलवर बघा’ अशा जाहिराती शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या जोरात फिरताहेत. तीन-चार स्टीलच्या सुया, एक वायर, किंमत काही हजार. ज्यांनी असं यंत्र घेतलंय त्यांनी एक प्रयोग जरूर करावा. बॅटरीत घालायच्या पाण्यात चिमूटभर मीठ विरघळवा आणि सुया त्यात बुडवा. मिठात नत्र नसतं, स्फुरद नसतं, पालाशही नसल्यात जमा. तरी यातल्या बहुतेक यंत्रांवर तिन्ही आकडे चढतात. या सुया फक्त विद्युत वाहकता मोजतात, म्हणजे पाण्यात एकूण क्षार किती ते. मग त्याच एका आकड्याला ठरावीक गुणक लावून तीन नावांनी तो दाखवला जातो. तळहातावर नारळ उभा राहिला म्हणजे खाली पाणी आहे असं मानून बोअर मारू नका, असं आपण सांगतो, तेव्हा ‘हे कशावरून?’ हाच आपला प्रश्न असतो. तो या यंत्रालाही विचारायला हवा.

नायट्रेट, म्हणजे मातीच्या पाण्यात विरघळलेलं नत्राचं एक रूप, खरोखर मोजणारा स्वस्त सेन्सर मात्र बनू शकतो, आणि त्यामागचं रसायनशास्त्र फार सुंदर आहे. पीव्हीसीचा पातळ पडदा घ्यायचा. त्यात प्लास्टिक मऊ ठेवणारा तेलकट प्लास्टिसायझर आणि लांब कर्बसाखळ्यांचा धनभारित अमोनियम क्षार मुरवलेला असतो. पाण्यातल्या प्रत्येक आयनाभोवती, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणाभोवती, पाण्याच्या रेणूंचं वेष्टन असतं. तेलकट पडद्यात शिरायचं तर ते उतरवावं लागतं. सल्फेट आणि फॉस्फेट ते सहजी उतरवत नाहीत. नायट्रेटचं वेष्टन सैल, म्हणून ते आत शिरतं. पडद्याच्या एका बाजूला नायट्रेटचं ठरलेलं प्रमाण आणि दुसऱ्या बाजूला मातीचं पाणी असलं, की पडद्यावर विद्युतदाब तयार होतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ साली मांडलेल्या समीकरणाप्रमाणे २५ अंश सेल्सिअसला नायट्रेट दहापट झालं की हा दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतो. एवढा फरक टिपणारं सर्किट आज काही शे रुपयांत जुळवता येतं.

अडचणही याच समीकरणात आहे. दहापट म्हणजे ५९, तर एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे नायट्रेटमध्ये सुमारे ४ टक्के चूक, आणि १० मिलिव्होल्टची म्हणजे जवळजवळ दीडपट. दाब मोजायला दुसरा, संदर्भ इलेक्ट्रोड लागतो, म्हणजे ज्याचा दाब स्थिर धरून पडद्याचा दाब मोजायचा तो. चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचा. समुद्रसपाटीच वरखाली होऊ लागली तर डोंगराची उंची कशी सांगणार? आपल्या काळ्या मातीची बारीक चिकण या इलेक्ट्रोडच्या छिद्रात बसते, आतलं क्षाराचं पाणी हळूहळू झिरपतं, आणि संदर्भ सरकतो. शिवाय पडदा क्लोराइडलाही थोडी दाद देतो. पालाशाचं खत म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ते टाकल्यावर, किंवा कालव्याखालच्या खारवट जमिनीत, नत्राचा आकडा खोटाच फुगू शकतो.

म्हणून तिन्ही अन्नद्रव्यं एकाच काडीने मोजण्याचा हट्ट सोडावा, असं मला ठामपणे वाटतं. स्फुरद आणि पालाश सावकाश बदलतात. त्यांच्यासाठी दोन-तीन वर्षांतून एकदा प्रयोगशाळेतलं माती परीक्षण पुरतं. फक्त नमुना आपल्याच शेतातला हवा. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना ठरला होता. महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर. म्हणजे शेजाऱ्याच्या मातीचा निकाल आपल्या पत्रिकेवर येऊ शकतो.

नायट्रेटची गोष्ट वेगळी. एका जोरदार पावसात ते मुळांखाली झिरपून जातं, आणि ते पत्रिकेला कळणं शक्यच नाही. सेन्सरची खरी गरज इथे आहे: पाऊस उघडला, वाफसा आला, आता युरियाचा दुसरा हप्ता द्यायचा की नाही? ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असतं. ती अर्धी टाकायची की पूर्ण, यासाठी दशांशातला आकडा नको. कमी, मध्यम, भरपूर एवढं कळलं तरी निर्णय होतो. आणि त्यासाठी सेन्सर महिनोन्महिने मातीत पुरून ठेवायचीही गरज नाही. पाच-सहा ठिकाणची माती एकत्र करून मोजून घेतलेल्या पाण्यात हलवायची, गाळ बसू द्यायचा आणि वरच्या पाण्यात इलेक्ट्रोड बुडवायचा. त्याआधी आणि नंतर तोच इलेक्ट्रोड माहीत असलेल्या प्रमाणाच्या दोन नायट्रेट द्रावणांत बुडवून तपासला, की सरकलेला संदर्भ लगेच पकडता येतो. त्यामुळे यंत्र विकायला कोणी आलं, तर ती दोन द्रावणं पेटीत आहेत का, हे आधी विचारा.