चुकलेली गोळी कुठवर जाते?

तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. ज्या कोल्हापूरनं असे नेमबाज दिले, तिथं उघड्यावरच्या शूटिंग रेंज वाढायलाच हव्यात. शस्त्रांचा कायदा (१९५९) आणि त्याखालचे २०१६ चे नियम केंद्राचे आहेत. पण माळ गावचा, आणि शेजारच्या उसात भांगलण करणारी माणसंही गावचीच. म्हणून ग्रामसभेत असा विषय आला, तर गट नंबर आणि क्षेत्र एवढंच विचारून थांबू नये. नेम चुकला तर गोळी कुठवर जाईल, हे आधी विचारावं.

स्वप्नीलच्या ५० मीटर प्रकारात पॉइंट टू-टू रायफल वापरतात. तिची शिशाची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर. एवढीशी गोळी अडथळा नसेल तर दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. उभ्यानं नेम धरताना नळी जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असते. ती फक्त ५ अंश वर गेली, तर ५० मीटरवर गोळी जवळपास ६ मीटर उंचीवर पोहोचते. म्हणजे निशाण्यामागचा, गोळी अडवण्यासाठी घातलेला ४ मीटर उंच मातीचा बांध ती आरामात ओलांडते. यावर उपाय डोक्यावरचा: नेमबाज आणि निशाणा यांच्या मधे ठरावीक अंतरावर गोळी रोखणारे आडवे अडसर बसवायचे. नेमबाजाच्या जागेवरून बांधापलीकडचं आभाळ दिसता कामा नये, ही त्याची साधी कसोटी. परवान्याची पाहणी करणाऱ्यानं तिथं स्वतः आडवं पडून, गुडघ्यावर बसून आणि उभं राहून ती घ्यावी.

दुसरा धोका टप्पा खाऊन उसळणाऱ्या गोळीचा. आपल्याकडं मातीखाली काळा पाषाण. भरावात दगडगोटे राहिले, की तिरपी आदळलेली गोळी भलत्याच दिशेला जाते. साचलेल्या पाण्यावरूनही ती उसळते. म्हणून बांधाचा दर्शनी थर चाळलेल्या मातीचा किंवा वाळूचा हवा.

ऊस हा आडोसा नव्हे. पुरुषभर उंच ऊस गोळी अडवत नाही, उलट आतला माणूस झाकतो. नेमबाजाला तो दिसत नाही आणि त्याला रेंजचा लाल बावटा दिसत नाही. त्यामुळं निशाण्यामागचा पंख्यासारखा धोक्याचा पट्टा गावनकाशावर आखून, त्यातली शेतं, पाणंद, वस्ती दाखवणं ही माझ्या मते परवान्याची पहिली अट असावी.

आवाजाचं मोजमाप सोपं आहे: २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा. शिशाचं तसं नाही, ते बांधात साठत राहतं. पश्चिमेकडच्या तालुक्यांतली तांबडी माती आम्लधर्मी आणि पाऊस धो-धो. अशा मातीत शिसं विरघळून ओढ्या-विहिरींकडं सरकू शकतं. चुना घालून आम्लता कमी करता येते, माती चाळून शिसं परत काढता येतं. दर पावसाळ्यानंतर खचलेल्या बांधाची उंची मोजणं आणि खालच्या अंगाच्या विहिरीचं पाणी तपासणं, या दोन्ही कामांचा खर्च रेंजचालकानं करावा, असं परवान्यातच लिहून घ्यावं.