फॉल पोर्च : पानगळीच्या दिवसांतली ओसरी-सजावट

सप्टेंबरच्या मध्यापासून थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे सुगीबद्दल आभार मानण्याच्या, सणापर्यंत अमेरिकेत आणि कॅनडात घराच्या दर्शनी ओसरीवर, म्हणजे पोर्चवर, केली जाणारी हंगामी सजावट. लाल-नारिंगी भोपळे, मक्याची वाळलेली धाटे, शेवंतीच्या कुंड्या, गव्हाच्या काडाच्या गाठी आणि दाराला टांगलेले वेलींचे कडे ही तिची ठरलेली सामग्री. कॅनडात थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येतो आणि तिथली सजावट लवकर उतरते. अमेरिकेत १९४१ च्या कायद्याने हा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ठरला, त्यामुळे तिथे ओसरी आठ-दहा आठवडे सजलेली राहते. मधे ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन, म्हणजे मुलांनी सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागण्याचा सण, येऊन जातो.

फॉल म्हणजे शब्दशः पानगळ. पंचांगाप्रमाणे हे दिवस आपल्या शरदाचे, पण महाराष्ट्रातला शरद म्हणजे पिवळे पडू लागलेले भाताचे शेत आणि ऑक्टोबर हीट. पाने गळतात ती शिशिरात, जानेवारी-फेब्रुवारीत. अमेरिकेच्या ईशान्य भागात मात्र सुगी आणि पानगळ एकाच महिन्यात येतात. एकीकडे खळे भरलेले आणि दुसरीकडे झाड रिकामे होत चाललेले, या दोन्ही गोष्टी त्या ओसरीवर एकत्र दिसतात. म्हणून या सजावटीला ‘शारदीय’ म्हटले तर अर्धीच गोष्ट कळते.

अमेरिकन घराला ओसरीची आवड लावण्यात उद्यानरचनाकार अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग (१८१५–१८५२) यांचा मोठा वाटा होता. सामान्य कुटुंबाच्या घरालाही सावलीची, बसण्याची दर्शनी जागा हवी, असा त्यांचा आग्रह होता. दुसऱ्या महायुद्धानंतर वातानुकूलन, टीव्ही आणि मोटारगाडी आली, माणसे आत किंवा मागच्या अंगणात बसू लागली आणि ओसऱ्या आक्रसल्या. पुढे त्या परत आल्या, पण बऱ्याच घरांत बसण्यापेक्षा दाखवण्यासाठी. कोकणातल्या ओट्यावर संध्याकाळी माणसे टेकतात. अमेरिकेतल्या कित्येक ओसऱ्यांवर हल्ली फक्त भोपळे टेकलेले असतात. तरी हॅलोवीनच्या रात्री पोरे दारोदार फिरतात तेव्हा ओसरी पुन्हा खरी ओसरी होते.

सजावटीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू मुळात शेतातली उरलीसुरली चीज आहे, आणि कमी खर्चाचा सगळा विचार इथूनच सुरू होतो. यंत्रे येण्यापूर्वी मका कापून धाटांची बुचाडे शेतातच उभी करत, जशी आपल्याकडे ज्वारीची करतात. कणसे खुडल्यावर धाटे गुरांना जात. मका, घेवडा आणि भोपळा ही पिके तिथले मूळ रहिवासी युरोपीय माणसे येण्याच्या कितीतरी आधीपासून एकत्र लावत आले होते. भोपळा कोरून आत दिवा ठेवण्याची चाल आयर्लंडची. तिथे त्यासाठी सलगमासारखे कंद कोरत. १८४० च्या दशकातल्या दुष्काळानंतर आयरिश माणसे मोठ्या संख्येने अमेरिकेत आली आणि त्यांना मोठा, आतून पोकळ आणि स्वस्त भोपळा मिळाला. आज दुकानांत फोमचे भोपळे, रेशमी पाने, प्लॅस्टिकची कणसे मिळतात आणि एका ओसरीवर शेकडो डॉलर सहज उडतात. ज्या वस्तूंची ती नक्कल आहे त्या स्वस्त आहेत, काही तर फुकट आहेत. स्वस्तातली ओसरी ही महागड्या ओसरीची गरीब बहीण नव्हे. मूळची ओसरी तीच.

खर्चाचा मोठा भाग भोपळ्यांवर जातो, म्हणून ते नीट पाहून घ्यावेत. कोरण्यासाठी विकले जाणारे नारिंगी भोपळे कुकुर्बिटा पेपो या जातीचे. चपटा, खोल खाचांचा, लालभडक ‘सिंडरेला’ हा मूळचा फ्रेंच, तर राखी-निळसर ‘जॅराडेल’ ऑस्ट्रेलियाचा, आणि हे दोन्ही कुकुर्बिटा मॅक्सिमा. आपल्या मंडईतला लाल भोपळा, म्हणजे काही भागांतले डांगर, बहुधा कुकुर्बिटा मोशाटा असतो. तीनही जाती मूळच्या अमेरिका खंडांतल्या. अमेरिकेत सर्वांत जास्त भोपळा इलिनॉय राज्यात पिकतो आणि त्यातला बराचसा ओसरीवर न येता डब्यात जातो. त्या राज्यातले मॉर्टन गाव स्वतःला जगाची भोपळा-राजधानी म्हणवते.

भोपळा घेताना सालीवर अंगठ्याचे नख दाबावे. नख रुतले तर फळ कोवळे आहे, दोन आठवडेही टिकणार नाही. देठ टणक, चांगला चार बोटे लांब हवा. फळ देठाला धरून कधीही उचलू नये. देठ तुटला की त्या जागेतून कूज आत शिरते आणि बाहेरून काही दिसत नाही. मग एके दिवशी उचलायला जावे तर तळ जागेवरच राहतो आणि लाकडी फळीवर काळपट डाग पडतो. घरी आणल्यावर ब्लीचचे थोडे थेंब घातलेल्या पाण्याने पुसून कोरडा करावा. ओल्या सिमेंटवर न ठेवता खाली पुठ्ठा किंवा फळी घालावी. सावलीत ठेवलेला अखंड भोपळा दोन-तीन महिने सहज टिकतो. कोरलेला आठवडाभरात मऊ पडून बुरसतो. म्हणून काटकसरीचा सर्वांत महत्त्वाचा नियम असा : सप्टेंबरात घेतलेले भोपळे अखंड ठेवावेत, आणि कोरायचा एखादाच हॅलोवीनच्या दोन दिवस आधी कोरावा. बाकीचे थेट थँक्सगिव्हिंगपर्यंत चालतात. कडक हिमतुषाराच्या रात्री मात्र ते आत घ्यावेत किंवा चादरीने झाकावेत. आतले पाणी गोठून पेशी फुटतात आणि सकाळी ऊन लागताच फळाचा लगदा होतो.

खारी हा दुसरा शत्रू. एक दात लागला की बाकीच्या खारींना पत्ता मिळतोच. तिखटाची पूड लावल्यास त्या काही दिवस लांब राहतात, पण एका पावसात पूड धुऊन जाते आणि पुन्हा लावावी लागते. पक्ष्यांना तिखट जाणवत नाही, ते आरामात टोचत राहतात.

भोपळ्याखालोखाल शेवंतीला मान. तिकडे तिला ‘मम्स’ म्हणतात आणि ती सप्टेंबरपासून किराणा दुकानाबाहेर रांगा लावून विकायला बसते. शेवंती मूळची चीनची. रात्र लांबू लागली की तिला कळ्या धरतात. दिवसाच्या लांबीवर फुलणे अवलंबून असते हे अमेरिकी कृषी खात्यातले गार्नर आणि ॲलार्ड यांनी १९२० मध्ये मांडले. मळेवाले या गुणाचा उपयोग करतात आणि रात्री दिवे लावून फुलोरा पाहिजे तितका लांबवतात. घेताना डोळ्यांत भरते ती पूर्ण उमललेली, घुमटासारखी कुंडी, आणि तीच टाळायची असते. ती दहा दिवसांत तपकिरी होते. कळ्या अजून घट्ट हिरव्या आहेत आणि टोकाशी मोहरीएवढाच रंग दिसतो आहे, अशी कुंडी त्याच पैशांत तीन-चार आठवडे देते.

कुंडी हातात घेतली आणि ती पुठ्ठ्यासारखी हलकी लागली, तर ओसरीवरची शेवंती का मेली ते कळते. आत मुळांचे जाळे ठासून भरलेले असते आणि माती पीटची, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, असते. पीट एकदा वाळली की पाणी धरत नाही. वरून ओतलेले पाणी कडेने सरळ खाली निघून जाते आणि आपल्याला वाटते की पाणी घातले. अशी कुंडी बादलीत पाणी घेऊन वीसेक मिनिटे बुडवून ठेवावी. बुडबुडे थांबले की काढावी. कोमेजलेली मान बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत वर येते. सप्टेंबरात जमिनीत लावलेली शेवंती हिवाळा काढेलच असे नाही, कारण मुळांना रुजायला वेळ मिळत नाही. ज्यांच्याकडे वाफा आहे त्यांनी वसंतात रोप लावावे आणि ४ जुलैपर्यंत शेंडे खुडत राहावे. रोप पसरट होते आणि पुढच्या वर्षांच्या कुंड्यांचा खर्च वाचतो.

बसकण म्हणून ठेवतात ती गाठ काडाची असावी, गवताची नव्हे. हा फरक दुकानदारही नेहमी सांगत नाहीत. गवताच्या गाठीत बिया असतात. दोन पाऊस झाले की त्यातून हिरवे कोंब निघतात, उबट वास सुटतो, आणि गुरांचा चारा म्हणून ती महागही पडते. गव्हाचे काड दाणे काढून उरलेले, स्वस्त, पिवळेधमक. शेतावरून थेट आणले तर आणखी स्वस्त. वसंतात तेच काड बागेत आच्छादन म्हणून पसरता येते. मक्याची धाटे आठ-दहा घेऊन वरच्या तिसऱ्या भागात सुतळीने आवळावीत आणि खांबाला बांधावीत. कमी धाटे घेतली तर ती केविलवाणी दिसतात.

पाने, पाइनची बोंडे आणि ओकची फळे फुकट मिळतात. मेपलचे लाल पान उचलून ओसरीवर ठेवले तर आठवड्यात तपकिरी होते. पानातले हरितद्रव्य मोडून नाहीसे होते तेव्हा आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो, लाल रंग त्या दिवसांत नव्याने तयार होतो, आणि पान सुकत गेले की दोन्ही फिके पडतात. वर्तमानपत्रात जाड पुस्तकाखाली आठवडाभर दाबून मग मांडलेली पाने बराच काळ रंग धरतात. पाइनचे बोंड दमट हवेत मिटते आणि कोरड्यात उघडते, त्याकडे बघून पावसाचाही अंदाज येतो.

दारावरच्या कड्यासाठी रानातून वेल आणताना एका वेलीपासून जपायला हवे. नारिंगी-पिवळ्या फळांची आशियाई बिटरस्वीट दिसायला फार देखणी, पण तिची फळे पक्षी खातात, बी दूरवर टाकतात आणि ती वेल झाडांना आवळून मारते. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत तिच्या विक्रीला बंदी आहे. सह्याद्रीतली मालकांगोणी याच वंशातली, तिचीही फळे उकलली की तसाच रंग दिसतो. द्राक्षाच्या छाटलेल्या वेलींचे कडे वळावे, ते निर्धोक आणि वर्षानुवर्षे टिकणारे.

मांडणीला पैसे लागत नाहीत. सर्व वस्तू एका ओळीत ठेवल्या की दुकानाची फळी दिसते. घरातला जुना स्टूल, लाकडी खोके, पालथी बादली यांनी उंची वर-खाली करावी, मोठे खाली आणि दाराच्या एकाच बाजूला गर्दी, दुसरी बाजू मोकळी ठेवावी. तीन पायऱ्यांच्या ओसरीला दोन कुंड्या, एक गाठ, धाटांची एक पेंढी आणि तीन भोपळे पुरतात. पायपुसणे नारळाच्या काथ्याचे असते, आणि ते पुष्कळदा केरळातल्या आलप्पुळ्याच्या बाजूचे असते. दिवा बॅटरीचाच हवा. वाळलेली धाटे आणि काड म्हणजे सरपण आहे, त्यांच्याजवळ उघडी ज्योत ठेवू नये. दाराची वाटही अडवू नये.

काही ओसऱ्यांवर एक भोपळा हिरवट-निळा रंगवलेला दिसतो. त्या घरी खाऊऐवजी छोटी खेळणीही मिळतात, म्हणजे शेंगदाणा किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलालाही रित्या हाताने परतावे लागत नाही. हा उपक्रम टेनेसी राज्यात सुरू झाला आणि २०१४ मध्ये देशभर पसरला. एका डबीभर रंगात होणारी याहून मोलाची सजावट नाही.

न्यू जर्सी, इलिनॉय, टेक्सासमधल्या मराठी घरांना हा हंगाम परका वाटत नाही. घटस्थापना, दसरा आणि दिवाळी याच आठवड्यांत येतात. दसऱ्याला कोकणात भाताच्या लोंब्यांचे तोरण बांधतात, देशावर झेंडू आणि आपटा. मेक्सिकोचा झेंडू आणि अमेरिकेचा मका-भोपळा आपल्या दारात केव्हाच रुळले आहेत. त्यामुळे वर झेंडूचे तोरण, बाजूला आकाशकंदील आणि पायरीवर भोपळे अशी ओसरी ओढूनताणून आणलेली दिसत नाही. झेंडू पहिल्या हिमतुषारात काळा पडतो, तोवर तोरण करून घ्यावे. पणत्या काडाच्या गाठीपासून दूर, मोकळ्या पायरीवर.

हंगाम सरला की न कोरलेले, न रंगवलेले भोपळे स्वयंपाकघरात जातात. कोरण्याचा भोपळा पाणचट आणि धाग्यांचा, त्याचे सूप बरे. घारग्यांसाठी लहान, गोड ‘पाय’ (pie, म्हणजे तिकडचा भरलेला गोड पदार्थ) भोपळा किंवा सिंडरेला घ्यावा. किसून गुळात शिजवताना त्याला पाणी कमी सुटते आणि कणीक सैल होत नाही. हे ठाऊक असेल तर खरेदीच्या वेळीच निम्मे भोपळे खाण्याचे घेता येतात आणि ओसरीचा खर्च किराण्यात वळता होतो. १ नोव्हेंबरपासून दुकाने भोपळे अगदी मातीमोल विकतात, थँक्सगिव्हिंगची मांडणी त्यातूनच करावी. मऊ पडलेले फळ मेण आणि रंग काढून, फोडून खताच्या ढिगात टाकावे. बिया आत राहिल्या तर पुढच्या जूनच्या सुमारास ढिगातून वेल वर येतो. त्याला साडेतीन-चार महिने आणि भरपूर जागा लागते. मधमाश्या परागकण इकडचे तिकडे नेत असल्यामुळे त्याचे फळ मूळ भोपळ्यासारखेच निघेल असे नाही. कधी चट्ट्यापट्ट्यांचे, कधी वाकड्या मानेचे निघते, आणि ओसरीवर ते चांगलेच शोभते.