पांढरीची झीज कशी मोजायची : तेर, पैठण, भोकरदनची पार्श्वभूमी

तेर म्हणजे जुने तगर, पैठण म्हणजे प्रतिष्ठान, भोकरदन म्हणजे भोगवर्धन. तिन्ही गावांत सातवाहनकाळातले थर नदीकाठच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांत, आहेत. राख, शेण, पडक्या भिंतींची माती आणि खापरे साचून झालेली ही टेकाडे पाऊस झिजवतोच, पण खोऱ्या-टोपल्याने झालेले नुकसानही मोठे आहे. धाब्याच्या घरावर पावसाळ्याआधी घालायला पांढरी लागे, शेतात खत म्हणूनही ती जाई. गावाच्या लेखी ती फुकटची खाणच होती.

माती निघाली तशा वस्तू उघड्या पडल्या. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जमवल्या नसत्या तर आजचे तिथले वस्तुसंग्रहालय उभे राहिले नसते. मात्र अशा सुट्या वस्तू कोणत्या थरातल्या, हे बहुधा सांगता येत नाही. 1973 मध्ये भोकरदनला झालेल्या उत्खननासारख्या कामांतून थरांची नोंद मिळाली, पण ती खड्ड्यांपुरती. राज्याचा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळांचा 1960 चा कायदा संरक्षित घोषित झालेल्या स्थळांना आधार देतो. पण बरीचशी पांढरी गावठाणात आहे आणि तिच्यावर आजही घरे आहेत.

पाहणीत आधी कारण ओळखावे. उभा, सरळ कडा आणि त्यावर कुदळीचे वण असतील तर माती माणसाने नेली. पायथा आत गेलेला आणि वरचा भाग लोंबता असेल तर नदीने तळ पोखरला. असा कडा भर पुरातच पडेल असे नाही, पाणी ओसरल्यावर ओल्या मातीच्या वजनानेही ढासळतो. उतारावरच्या घळी वळवाच्या सरींच्या. बहुतेकदा त्यांची सुरुवात पायवाटेपासून किंवा घराच्या सांडपाण्यापासून होते. उंदरा-घुशींच्या बिळाबाहेर ताजी खापरे दिसतात. पायथ्याला वाहून आलेली खापरे धरून वस्तीची हद्द आखली तर ती हमखास फुगते.

मोजण्यासाठी 60 सेंमीचे लोखंडी गज, 10 सेंमी वर ठेवून, उतारावर ओळीने ठोकतात. संरक्षित स्थळी आधी परवानगी हवी, कारण गजही थर भेदतो. गज किती उघडा पडला याची नोंद दर वर्षी मे महिन्यातच घ्यावी. ओल्या-सुक्या मातीच्या फुगण्या-आकसण्याने आकडा फसतो, काळी माती मिसळलेली असेल तर जास्तच. गुरे गज वाकवतात, भंगारासाठी तो उपटलाही जातो. म्हणून पक्क्या खुणेपासून त्याचे अंतर लिहून ठेवावे आणि एकाच जागेवरून दर वर्षी फोटो घ्यावा. एक हेक्टरवर सरासरी 1 सेंमी झीज म्हणजे 100 घनमीटर माती.

पांढरीवर वाढलेली वेडी बाभूळ जेसीबीने उपटू नये. मुळांबरोबर थर उचकटतात. ती जमिनीलगत कापून फुटवे वारंवार छाटावेत.